मज्जारज्जूची आवरणं उघडताना : विच्छेदनाचा क्रम, तपासण्या आणि हमखास होणाऱ्या चुका

डिसेक्शन टेबलवर मज्जारज्जूपर्यंत पोहोचायला काही तास जातात. त्याची आवरणं बिघडवायला दोन मिनिटं पुरतात. लॅमिना (मणक्याच्या मागच्या बाजूची हाडाची पाती) निघाल्या, आतली पांढुरकी नळी दिसली, की हात थांबत नाही. ब्लेड वरून खाली एकदाच फिरतं, ड्युरा (बाहेरचं जाड आवरण) आणि ॲरॅक्नॉइड (त्याच्या आतलं पातळ आवरण) एकत्र चिरले जातात, एपिड्युरल म्हणजे ड्युराच्या बाहेरची चरबी त्याआधीच बादलीत गेलेली असते, आणि मग 'आमच्या देहात ॲरॅक्नॉइड सापडलं नाही' असं जर्नलात लिहिलं जातं. ॲरॅक्नॉइड प्रत्येक देहात असतं. ते चुकीच्या क्रमाने उघडलं की हरवतं.

खाली दिलेला क्रम वैद्यकीय आणि फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. स्वतःच्या हाताने कापायचं नसेल, फक्त तयार नमुना बघायचा असेल, तरी तपासण्या त्याच. प्रत्येक टप्प्याला ब्लेड उचलण्याआधी एक प्रश्न विचारायचा: आत्ता समोर दिसतंय ते कुठलं आवरण, आणि त्याच्या लगेच खाली काय आहे? उत्तर देता येत नसेल तर कापायचं नाही.

## सुरुवातीआधी डोक्यात काय हवं

बाहेरून आत जाताना क्रम असा लागतो: मणक्याची लॅमिना आणि लॅमिनांना जोडणारा पिवळा लिगामेंटम फ्लेवम, एपिड्युरल जागा, ड्युरा मेटर, ॲरॅक्नॉइड मेटर, सबॲरॅक्नॉइड जागा, पाया मेटर (मज्जारज्जूला चिकटलेलं सगळ्यात आतलं आवरण; पुढे नुसतं 'पाया'), आणि मग मज्जारज्जू. ड्युरा आणि ॲरॅक्नॉइड यांच्यामधल्या 'सबड्युरल जागे'चं नाव मी या यादीत मुद्दाम घेतलेलं नाही. जिवंत माणसात ती मोकळी जागा नसते. सीएसएफच्या (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाच्या) दाबाने ॲरॅक्नॉइड ड्युराला आतून चिकटून बसलेलं असतं, आणि रक्त किंवा चुकून दिलेलं औषध तिथे शिरलं तरच ते दोन थर फाकतात.

कवटीतला अनुभव इथे तसाच्या तसा लावू नका. निम्म्या चुका तिथूनच येतात. कवटीत ड्युराचे दोन थर आहेत आणि बाहेरचा थर हाडाला घट्ट चिकटलेला असतो, म्हणून तिथे निरोगी माणसात एपिड्युरल जागा नसतेच. कण्यात ड्युराचा एकच थर उतरतो, आतला. बाहेरचा थर फोरामेन मॅग्नमच्या (कवटीच्या तळाच्या मोठ्या भोकाच्या) कडेशीच थांबतो आणि कवटीच्या बाहेरच्या पेरिऑस्टियमशी (हाडावरच्या आवरणाशी) एकरूप होतो. मणक्यांच्या कालव्याला स्वतःचं वेगळं पेरिऑस्टियम असतं. त्यामुळे कण्यात हाड आणि ड्युरा यांच्यामध्ये खरीखुरी, चरबी आणि शिरांनी भरलेली जागा मिळते. भूलतज्ज्ञ औषध सोडतात ती हीच.

चार पातळ्या पाठ हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्याशी ताडून बघायचं आहे (मणक्यांच्या क्रमांकांत सी म्हणजे मानेचे, टी छातीचे, एल कंबरेचे, एस त्रिकास्थीचे):

- फोरामेन मॅग्नम: ड्युराची नळी इथे वर पक्की बांधलेली असते.
- एल-१ मणक्याची खालची कडा किंवा एल-१ आणि एल-२ मधली चकती: प्रौढात मज्जारज्जू साधारण इथे संपतो. माणसागणिक फरक पडतो. टी-१२ पासून एल-३ पर्यंत कुठेही टोक सापडू शकतं. नवजात बाळात ते एल-३ च्या आसपास असतं.
- एस-२: ड्युरा आणि ॲरॅक्नॉइडची थैली इथे मिटते.
- माकडहाड: फायलम टर्मिनालेचं (मज्जारज्जूच्या टोकापासून खाली उतरणाऱ्या बारीक धाग्याचं) शेवटचं टोक इथे चिकटतं.

मज्जारज्जू संपतो एका पातळीवर आणि त्याची थैली संपते दुसऱ्या. या दोन पातळ्यांची अदलाबदल ही तोंडी परीक्षेतली सगळ्यात जुनी चूक असावी.

## टप्पा १ : देह, अवजारं आणि खुणा

देह पालथा ठेवा. पोटाखाली ठोकळा सरकवा, म्हणजे कंबरेची आतली वळी सपाट होते आणि लॅमिनांमधल्या फटी उघडतात. मानेचा भाग उघडायचा असेल तर डोकं टेबलाच्या कडेबाहेर थोडं खाली झुकू द्या.

अवजारांत स्काल्पेल, टोकदार आणि बोथट असे दोन्ही चिमटे, बोथट टोकाची छोटी कात्री, प्रोब, छिन्नी-हातोडी किंवा थरथरत्या पात्याची हाडाची करवत, आणि हाड कुरतडायला रॉन्जर लागेल. टाचण्या, दोरा आणि ओलं फडकं हाताशी ठेवा. कोरडा पडलेला ॲरॅक्नॉइड कागदासारखा तडकतो आणि मग तो दाखवायचा कुणाला?

सावधान: करवत चालू असताना हाडाची भुकटी उडते. गॉगल आणि मास्क घातल्याशिवाय जवळ वाकू नका. लॅमिनांच्या कापलेल्या कडा धारदार असतात. त्या भागात बोट घालताना दुहेरी हातमोजे घाला.

आता मणके मोजा. मोजणी दोन्हीकडून करा. वरून सी-७ चा ठळक काटा (मणक्याचं मागे आलेलं टोक) धरा, पण काही देहांत टी-१ चा काटा त्याहून पुढे आलेला असतो, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नका. खालून, दोन्ही बाजूंच्या कंबरेच्या हाडांच्या माथ्यांना जोडणारी रेषा एल-४ च्या काट्यावरून किंवा एल-४ आणि एल-५ च्या मधून जाते. त्याच्याही खाली, नितंबांच्या वरच्या दोन खळग्यांना जोडणारी रेषा एस-२ ची पातळी देते. बारावी बरगडी सापडली तर टी-१२ पक्का होतो. ती कधी कधी फारच आखूड असते. दोन्हीकडच्या मोजण्या जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. टी-१०, एल-१, एल-४ आणि एस-२ च्या काट्यांच्या बाजूला, कापल्यावरही टिकेल अशा जागी, टाचणीने चिठ्ठी लावा. काट्यावरच चिठ्ठी लावली तर लॅमिनांबरोबर तीही निघून जाईल.

पूर्ण कणा उघडायचा हट्ट करू नका. वेळ कमी असेल तर टी-१० ते एस-३ एवढी एकच खिडकी नीट उघडा. आवरणांची बहुतेक गोष्ट तिथेच घडते. वेळ उरला तर सी-१ ते सी-४ ची दुसरी छोटी खिडकी करा.

## टप्पा २ : लॅमिना काढणं

काट्यांच्या दोन्ही बाजूंचे स्नायू लॅमिनांवरून पूर्ण खरवडून काढा. हाड स्वच्छ दिसलं पाहिजे. मांसावरून चाललेली करवत घसरते.

लॅमिना कापायची जागा म्हणजे काट्याचं बूड आणि सांध्याचा उंचवटा यांच्या मधली. करवत सरळ खाली न धरता थोडी आत, मध्यरेषेकडे कललेली ठेवा. फार बाहेर गेलात तर सांधा आणि मज्जातंतूंच्या मुळांची वाट बिघडते. फार आत राहिलात तर खिडकी इतकी अरुंद होते की पुढे डेंटिक्युलेट लिगामेंट (मज्जारज्जूच्या बाजूची दातेरी पट्टी) दिसतच नाही. शेवटचा पातळ पापुद्रा करवतीने न तोडता छिन्नीच्या हलक्या ठोक्याने मोडा. आवाज बदलतो, हाताला ढिलाई जाणवते. तिथे थांबा.

दोन्ही बाजू कापून झाल्या की खालच्या टोकाला, कंबरेच्या भागात, दोन काट्यांमधले लिगामेंट आणि लिगामेंटम फ्लेवम आडवे कापा. सुरुवात इथून करायचं कारण असं, की कंबरेत लॅमिनांमधल्या फटी रुंद असतात. छातीच्या भागात लॅमिना कौलांसारख्या एकावर एक सरकलेल्या असतात आणि पातं घालायला जागाच मिळत नाही. मग ती अख्खी पट्टी खालून वर, हळूहळू, उचला. मध्ये मध्ये बोथट प्रोबने खालची चरबी सोडवत राहा. वरच्या टोकाला पुन्हा आडवा छेद दिला की पट्टी मोकळी होते.

पट्टी फेकू नका, उलटी करा. तिच्या आतल्या बाजूला लिगामेंटम फ्लेवमच्या पिवळसर, लवचीक पट्ट्या दिसतात. वरच्या लॅमिनाच्या पुढच्या अंगापासून खालच्या लॅमिनाच्या वरच्या कडेपर्यंत त्या जातात, आणि मध्यरेषेवर उजव्या-डाव्या पट्टीत बारीक फट असते. त्या फटीतून छोट्या शिरा बाहेर जातात. बोटाने दाबून बघा. कमरेतून सुई घालताना 'कट्' असा जो विरोध आणि मग एकदम सुटल्यासारखं जाणवतं, तो विरोध बहुतांशी या पट्टीचा असतो.

## टप्पा ३ : एपिड्युरल जागा वाचणं

आता समोर पांढरी नळी दिसत नसेल, पिवळट चरबी दिसत असेल, तर काम बरोबर झालंय. पांढरी नळी थेट दिसत असेल तर बहुधा चरबी लॅमिनांच्या पट्टीला चिकटून वर गेली. पट्टी पुन्हा बघा.

ही चरबी सलग थरासारखी पसरलेली नसते. लॅमिनांच्या मधल्या फटींच्या समोर तिचे गठ्ठे असतात आणि लॅमिनाच्या मध्यावर ड्युरा जवळजवळ हाडाला टेकतो. कंबरेत चरबी भरपूर, मानेत अगदी थोडी. कण्याच्या प्रत्येक भागात एपिड्युरल जागा सारखीच खोल असते असं समजणाऱ्यांनी हे गठ्ठे एकदा बोटाने चाचपून बघावेत.

चरबीत शिरांचं जाळं आहे. देहात त्या शिरा रिकाम्या, चपट्या झालेल्या असतात, त्यामुळे तंतूंसारख्या दिसतात आणि विद्यार्थी त्यांना निष्काळजीपणे ओढून काढतात. पुढच्या बाजूच्या, मणक्यांच्या शरीरांमागच्या, शिरा जास्त मोठ्या असतात. या जाळ्याला झडपा नाहीत, आणि ते खाली ओटीपोटातल्या शिरांशी, वर कवटीतल्या शिरांशी जोडलेलं आहे. खोकताना किंवा जोर लावताना पोटातला दाब वाढला की रक्त या वाटेनं कुठल्याही दिशेला जाऊ शकतं. प्रोस्टेटचा कर्करोग कण्यात पसरतो त्यामागे ही वाट असल्याचं समजलं जातं.

चरबी बोथट चिमट्याने उचला, ब्लेडने नाही. आणि एक खंड, उदाहरणार्थ एल-३ च्या मागचा, चरबीसकट तसाच राखून ठेवा. पुढे ॲरॅक्नॉइड उघडल्यावर 'एपिड्युरल कुठे, सबॲरॅक्नॉइड कुठे' हा गोंधळ झाला तर दोन्ही शेजारी शेजारी दाखवता येतात.

तपासणी: चरबी काढल्यावर प्रोब नळीच्या बाजूने वर-खाली सहज सरकतो का? सरकला तर तुम्ही एपिड्युरल जागेत आहात. ही जागा वर फोरामेन मॅग्नमपाशी बंद होते आणि खाली त्रिकास्थीच्या शेवटच्या फटीपर्यंत जाते. त्या फटीवरचा पडदा तिला बंद करतो.

## टप्पा ४ : ड्युरा कापण्याआधी

इथे पंधरा मिनिटं घालवा. ड्युरा एकदा कापला की बाहेरून शिकण्यासारखं जे होतं ते गेलं.

प्रत्येक मज्जातंतूच्या मुळाबरोबर ड्युराची बाही बाहेर निघते. ती मणक्यांमधल्या भोकापर्यंत मुळाला सोबत करते आणि तिथे मज्जातंतूच्या बाहेरच्या वेष्टनात मिसळून जाते. मोजणी इथे पुन्हा उपयोगी पडते: मानेत मज्जातंतू त्याच क्रमांकाच्या मणक्याच्या वरून निघतो, सी-८ हा सी-७ आणि टी-१ च्या मधून, आणि टी-१ पासून खाली प्रत्येक मज्जातंतू आपल्या मणक्याच्या खालून. मानेचे मणके सात आणि मज्जातंतू आठ, हे वाक्य पाठ असतं. नळीच्या बाजूने बोट फिरवत मोजलं की विसरत नाही.

कंबरेतली एक बाही निवडा, तिच्यावरचा सांधा रॉन्जरने कुरतडून भोक उघडा आणि बाहीच्या आतला फुगवटा शोधा. तो मागच्या मुळाचा गँग्लियन (मज्जापेशींचा गठ्ठा). त्याच्या पलीकडे पुढचं आणि मागचं मूळ एकत्र येतात. आकृत्यांमध्ये दोन्ही मुळं ड्युराच्या थैलीच्या आतच जोडलेली दाखवणं ही फार पसरलेली चूक आहे. थैलीच्या आत ती वेगळी असतात आणि ड्युरातून बाहेरही वेगवेगळ्या छिद्रांतून पडतात. त्रिकास्थीत मात्र गँग्लियन भोकात न बसता कालव्यातच असतात. तिथे शोधत बसून वेळ घालवू नका.

आता थैली हलकेच एका बाजूला सरकवा. मागे आणि बाजूला ती मोकळी हलते. पुढे तिला तंतूंनी मणक्यांच्या मागच्या लांब लिगामेंटला बांधलेलं असतं, आणि वर सी-२, सी-३ च्या शरीरांनाही ती चिकटते. पुढचा ड्युरा बारीक मज्जातंतूंनी भरलेला आहे, मागचा फारसा नाही. चकती मागे सरकून पुढच्या ड्युराला दाबते तेव्हा होणाऱ्या दुखण्यात या मज्जातंतूंचा वाटा असतो. कमरेतून सुई मागून ड्युरात शिरते तेव्हा दुखणं तुलनेनं कमी का, याचंही उत्तर बऱ्याच अंशी इथे सापडतं.

## टप्पा ५ : ड्युरा कापा, ॲरॅक्नॉइड राखा

सगळी कसोटी इथे आहे.

१. टी-१२ च्या आसपास, मध्यरेषेवर, टोकदार चिमट्याने ड्युराची छोटी घडी उचला. घडी उचलली गेली पाहिजे. दाबलेल्या ड्युरावर ब्लेड ठेवू नका.

२. घडीच्या माथ्यावर स्काल्पेलच्या टोकाने तीन-चार मिलिमीटरची चीर द्या. ड्युरा जाड, चामट लागतो. तो फाटला की लगेच थांबा.

३. चिरेतून बघा. खाली चमकदार, पारदर्शक पापुद्रा दिसतो का? दिसला तर तो ॲरॅक्नॉइड. सरळ मज्जारज्जूची पृष्ठभागावरची रक्तवाहिनी उघडी दिसली, तिच्यावर काहीच नाही, तर ॲरॅक्नॉइडही कापला गेला. दोन खंड सोडून दुसरीकडे सुरुवात करा.

४. आता बोथट टोकाची कात्री घाला, खालचं पातं ड्युराला आतून वर उचलून धरत, आणि मध्यरेषेवरून वर-खाली चीर वाढवा. कात्रीचं टोक कधीही खाली वळू देऊ नका.

५. ड्युराच्या दोन्ही कडा बाजूला टाचण्यांनी किंवा टाक्यांनी ताणून ठेवा.

फॉर्मलिनमध्ये जपलेल्या देहात सीएसएफचा दाब नाहीसा झालेला असतो. त्यामुळे ॲरॅक्नॉइड ड्युरापासून सुटून मज्जारज्जूवर पडलेला दिसतो आणि दोघांत चांगली मोकळी जागा दिसते. काम सोपं होतं, पण डोळे फसतात. 'सबड्युरल जागा स्पष्ट दिसली' असं जर्नलात लिहिण्याआधी लक्षात घ्या की ती मृत्यूनंतरची आहे.

ॲरॅक्नॉइड इतका पातळ असतो की प्रकाश बदलला की दिसेनासा होतो. दिवा तिरपा धरा, पृष्ठभाग ओला ठेवा. तरीही खात्री होत नसेल तर बारीक सुईने पापुद्र्याखाली थोडं पाणी सोडा. पापुद्रा फुगून वर येतो.

सावधान: ड्युराच्या आतल्या बाजूला चिकटलेला जाळीदार पडदा बघून 'हा ड्युराचाच आतला थर' असं ठरवू नका. काही भागांत ॲरॅक्नॉइड ड्युराबरोबरच उलटा होतो.

## टप्पा ६ : ॲरॅक्नॉइड आणि त्याखालची जागा

ॲरॅक्नॉइडला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. रक्तवाहिनी दिसली तर ती त्याच्या खालची, पायाच्या पृष्ठभागावरची. हा एवढा निकष बहुतेक वाद मिटवतो.

पापुद्रा छोट्या कात्रीने मध्यरेषेवर उघडा. आत बारीक तंतूंचं जाळं दिसेल; मागच्या मध्यरेषेवर हे तंतू दाट होऊन अर्धवट पडदा तयार करतात, विशेषतः छातीच्या भागात. तो तोडताना मज्जारज्जू ओढला जातोय असं वाटलं तर तंतू कात्रीने कापा, ओढू नका.

खाली जाऊन मज्जारज्जूचं टोक आणि थैलीचा शेवट यांच्या मधली जागा बघा. एल-१, एल-२ पासून एस-२ पर्यंतचा हा मोठा पाण्याचा साठा, त्यात मुळं लोंबकळत असतात आणि मज्जारज्जू नसतो. सीएसएफ काढायची सुई इथेच घालतात.

## टप्पा ७ : पाया आणि डेंटिक्युलेट लिगामेंट

पाया सोलायचा प्रयत्न करू नका. तो मज्जारज्जूच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटलेला आहे, पुढच्या खोल खाचेतही शिरतो. सोलायला गेलात तर मज्जारज्जूचे तुकडे हाती येतात. पाया आहे हे त्याच्यापासून निघणाऱ्या रचनांवरून ओळखायचं, आणि त्यातली मुख्य डेंटिक्युलेट लिगामेंट.

बोथट प्रोबने मागच्या मुळांचे धागे मध्यरेषेकडे सरकवा. त्यांच्या खाली, मज्जारज्जूच्या बाजूला, वरपासून खालपर्यंत सलग पांढरी पट्टी दिसते. तिची बाहेरची कड करवतीसारखी दातेरी असते. प्रत्येक दात ॲरॅक्नॉइडमधून आरपार जाऊन ड्युराच्या आतल्या बाजूला चिकटतो, लागोपाठच्या दोन मुळांच्या बाहेर पडायच्या जागांच्या मध्ये. प्रत्येक बाजूला साधारण २१ दात. पहिला फोरामेन मॅग्नमच्या पातळीला, शेवटचा टी-१२ आणि एल-१ च्या मुळांच्या मध्ये. तो शेवटचा दात तिरका खाली उतरलेला असतो. तो सापडला की त्याच्या लगेच खालचं मूळ एल-१ चं, आणि कंबरेतल्या मुळांची मोजणी तिथून सुरू करता येते.

चूक नेहमीची: मागच्या मुळाचा जाड धागा चिमट्यात धरून 'हे डेंटिक्युलेट' म्हणून दाखवणं. फरक असा: मूळ ड्युरातून बाहेर जातं, दात ड्युराला चिकटून तिथेच संपतो. मूळ मज्जारज्जूच्या मागच्या-बाजूच्या खाचेतून निघतं, लिगामेंट त्याच्याही पुढे, दोन मुळांच्या मधोमध असतं. पट्टीच्या मागे जे आहे ते मागचं मूळ, पुढे आहे ते पुढचं. मज्जारज्जूवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर हीच पट्टी दिशा ओळखायला वापरतात.

दोन-तीन खंडांत मागची मुळं आणि दात कापा आणि मज्जारज्जू हलकेच फिरवा. पुढची मुळं, पुढच्या मध्यरेषेवरची एकच रक्तवाहिनी आणि तिथला पायाचा जाडसर चकाकता पट्टा दिसेल. सगळी मुळं कापू नका. पुढच्या टप्प्याला कंबरेतली मुळं अखंड हवीत.

मानेची खिडकी उघडली असेल तर तिथे डेंटिक्युलेट आणि मागची मुळं यांच्या मधून वर चढणारा एक धागा शोधा. तो ॲक्सेसरी मज्जातंतूचा कण्यातला भाग, फोरामेन मॅग्नममधून कवटीत जाणारा. सी-१ चं मागचं मूळ अनेकदा नसतंच, तेव्हा ते आपण कापलं म्हणून एकमेकांवर ढकलू नका.

## टप्पा ८ : टोक, फायलम आणि मुळांचा झुपका

मज्जारज्जू निमुळता होतो त्या टोकाला टाचणी लावा आणि ते कुठल्या मणक्याच्या समोर आहे ते टप्पा १ मधल्या चिठ्ठ्यांवरून लिहा. पुस्तकात एल-१ आहे म्हणून एल-१ लिहू नका. टेबलवर जे आहे ते लिहा.

फायलम टर्मिनाले मुळांच्या गर्दीत हरवतो. मुळं जोडीजोडीने असतात आणि बाजूच्या बाहीत शिरतात. फायलम एकटा, टोकापासून सरळ मध्यरेषेवर उतरणारा, कुठल्याच बाहीत न जाणारा. एकेक धागा प्रोबने वेगळा करत खाली जा; जो थैलीच्या तळाशी, एस-२ ला, ड्युरात घुसतो तो फायलम. एकूण लांबी साधारण २० सेंटीमीटर. त्यातले सुमारे १५ थैलीच्या आत. उरलेले ५ सेंटीमीटर ड्युराचं वेष्टन घेऊन त्रिकास्थीच्या कालव्यातून माकडहाडापर्यंत जातात. म्हणजे आतला भाग पायाचा, बाहेरच्या भागाला ड्युराचंही आवरण.

तपासणी: बाहेरचा फायलम खाली हलकेच ओढा. थैलीचं टोक हलतं. मज्जारज्जू जवळजवळ हलत नाही. मज्जारज्जू ठळकपणे हलला तर तुम्ही फायलमऐवजी एखादं मूळ ओढत असाल, किंवा टप्पा ७ मध्ये दात फार कापले गेले.

## टप्पा ९ : सुईचा मार्ग तोंडी सांगणं

राखून ठेवलेल्या एल-३ च्या खंडाजवळ उभे राहा आणि कमरेतून सीएसएफ काढायची सुई काय काय पार करते ते क्रमाने बोला: त्वचा, त्वचेखालची चरबी, काट्यांवरचं लिगामेंट, काट्यांमधलं लिगामेंट, लिगामेंटम फ्लेवम, एपिड्युरल जागा, ड्युरा, ॲरॅक्नॉइड. थांबा. पाया या यादीत नाही. सुईने पाया भेदला तर ती मज्जारज्जूत किंवा मुळात गेली.

एपिड्युरल भूल देताना सुई लिगामेंटम फ्लेवमच्या पुढे, ड्युराच्या अलीकडे थांबते. ड्युरा चुकून भेदला तर सीएसएफ गळतो आणि त्यानंतर डोकेदुखी येऊ शकते. प्रौढात सुई एल-३ आणि एल-४ च्या मधून किंवा एल-४ आणि एल-५ च्या मधून घालतात. लहान बाळात मज्जारज्जू खालपर्यंत असल्यामुळे खालचीच जागा निवडतात.

## वहीतली आकृती

आडवा छेद आतून बाहेर काढा: आधी मज्जारज्जू, त्याला चिकटून पाया, मग मोठी मोकळी जागा, मग ॲरॅक्नॉइड आणि ड्युरा एकमेकांना टेकून, मग चरबी आणि शिरांची ठिपक्यांनी भरलेली जागा, शेवटी हाड. ॲरॅक्नॉइड आणि ड्युरा यांच्यामध्ये रुंद पट्टा सोडलात तर तो आकृतीतला सबड्युरल रक्तस्राव होईल.

ड्युराच्या दोन रेषा काढू नका. डेंटिक्युलेट ड्युरापर्यंत पोहोचलेला दाखवायचा असेल तर छेद दाताच्या पातळीचा आहे असं बाजूला लिहा, कारण दोन दातांच्या मध्ये तीच पट्टी ड्युराला न शिवता मध्येच मोकळी संपते. एल-४ च्या छेदात मज्जारज्जू काढणारी वही दरवर्षी एक तरी येते. तिथे फक्त मुळांचे ठिपके आणि मध्ये एक फायलम असतो.

टेबल सोडताना टाचण्या तशाच ठेवा, उघडा भाग ओल्या फडक्याने झाका आणि लॅमिनांची पट्टी त्यावर परत ठेवा.